बैलाचा पाय, रात्री साडेदहाचा नंबर

पहिला दिवस : सावंतवाडी ते पणजी

एकतीस वर्षं एक्स-रे काढण्यात गेली. छाती, गुडघा, मनगट, कंबर, पुन्हा छाती. निवृत्त झाल्यावर हाडांशी संबंध उरला तो फक्त स्वतःच्या मणक्यापुरता. आणि मग गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला.

"मामा, तुला सीटी स्कॅन चालवता येतं ना?"

"येतं की. पेशंट कोण?"

"बैल."

भाची पुरातत्त्व शिकते, त्यातही जनावरांची हाडं. गोव्यात तिसवाडीतल्या एका जुन्या संस्थेत पोर्तुगीज काळात कुणा हौशी मास्तराने जमवलेली हाडांची तीन कपाटं आहेत, आणि तिला त्यातली काही हाडं न कापता, न भोक पाडता, न खरवडता बघायची होती. आजवर एखाद्या हाडाबद्दल काही खात्रीने सांगायचं तर त्याचा तुकडा काढायचा, पूड करायची, प्रयोगशाळेत पाठवायची. हाड गेलं ते गेलं. आता कपाटांचे राखणदार त्याला तयार होत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. आमच्या धंद्यात तर पहिल्यापासून हाच नियम. एक्स-रे शोधणाऱ्या रोंटगेनने १८९५ मध्ये बायकोच्या हाताची हाडं पाहिली ती अंगठीसकट, हात न उघडता.

माझ्या जुन्या वॅगनआरमध्ये सामान भरलं. उसना आणलेला हाती धरायचा थ्रीडी स्कॅनर, कॅमेरा, तिवई, गादीतल्या फोमचे तुकडे आणि गणपतीच्या मखराखाली ठेवायची विजेवर फिरणारी चकती. ही चकती बघून मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनेच आमचा निम्मा भार उचलला. बांद्याला मिसळ, पत्रादेवीला सीमा, म्हापशाला नेहमीची कोंडी, आणि मग पर्वरी उतरून अटल सेतू. २०१९ पासून हा पूल आहे, तरी पणजीत उतरायचा फाटा मी दर वेळी चुकतो. या वेळीही चुकलो. भाची काही बोलली नाही, मोबाइलकडे बघत राहिली. हेच जास्त लागलं.

संस्थेतले सर ऐंशीला टेकलेले. मराठी शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण पोर्तुगीज अमदानीत पोर्तुगीज शाळेत सिगुंद ग्रावपर्यंत शिकलेले, त्यामुळे कपाटांवरच्या चिठ्ठ्या वाचणारे तेच एकटे उरलेत. किल्ल्या त्यांच्याच कडोसरीला. कपाट उघडलं तशी डांबरगोळ्यांची झुळूक आली. आत नळ्या, कवट्या, जबडे, फासळ्या. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पिवळी चिठ्ठी, काळ्या शाईत झोकदार अक्षर. "हें पळय बाय, बोय म्हणजे बैल. हें काब्रा, शेळी. आणि हें बिझोंत." बिझोंत म्हणजे गवा, आजचा गोव्याचा राज्यप्राणी. त्या चिठ्ठीखाली पुढच्या पायाची एक नळी होती, आणि तिच्याबरोबर सुतळीत ओवलेली बोटांची चार हाडं.

इथवर सगळं छान होतं. मग भाचीने विचारलं, "सर, फोटोत ही शेळीची हाडं जुन्या प्लास्टिक पिशव्यांत दिसत होती. त्या पिशव्या कुठे आहेत?"

"टाकल्या गो! तुम्ही येतात म्हणून सगळें साफ केलें. नव्या झिपच्या पिशव्या आणल्या. हाडांवरून ओला फडकाही फिरवला."

सरांचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेत. भाचीचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो, ती आता रडते की काय असं झालं. तरी तोंडाने म्हणाली, "छान दिसतंय, सर."

त्या कळकट पिशव्यांत काय सोनं होतं ते मला रात्री जेवताना कळलं. हाडात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. जातीजातीच्या जनावरांत त्याच्या साखळीत बारीक फरक असतात. विकराने, म्हणजे एन्झाइमने, साखळीचे तुकडे करायचे, त्या तुकड्यांची वजनं यंत्रावर मोजायची, की ठसा मिळतो. २००९ पासून ही पद्धत वापरात आली. मेंढी आणि शेळी यांची हाडं डोळ्याने ओळखताना भले भले अडखळतात, तिथे हा ठसा सरळ सांगतो. त्याला लागते चिमूटभर हाडाची पूड. पण पुढे काहींनी ती चिमूटही वाचवली. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या मंडळींनी तेराव्या शतकातल्या हस्तलिखितांची चामडी पानं साध्या खोडरबराने हलकेच घासली आणि रबराचे कण तपासून ते वासराचं, शेळीचं की मेंढीचं कातडं ते २०१५ मध्ये सांगितलं. २०१९ मध्ये तर एका गटाने हाडाची टोकदार हत्यारं ज्या पिशव्यांत ठेवली होती त्या पिशव्याच तपासल्या. हाड आत घासत राहतं, त्याचे न दिसणारे कण प्लास्टिकला चिकटतात. पिशवी धुतली की पुरावा गेला.

"म्हणजे मळ हाच पेशंट," मी म्हटलं.

"मामा, जेव."

सुरमईची आमटी उत्तम होती. तिने अर्धी ठेवली.

दुसरा दिवस : शिंपल्यांची खिडकी

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या हॉर्नने जाग. गरम उंडे आणि पातळ भाजी खाऊन नऊला संस्थेत. भाची रात्रीचं विसरली होती, किंवा तसं दाखवत होती. पिशव्यांचं दुःख शेळीपुरतंच आहे, असं तिने मला गाडीत समजावलं. गवा आणि गाय दोन्ही एकाच कुळातले, कोलॅजेन फार सावकाश बदलतं, त्यामुळे त्यांचे ठसे एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत. बिझोंतच्या चिठ्ठीचा निकाल आकारावरून आणि आतल्या घडणीवरूनच लावायचा होता.

हाती धरायच्या स्कॅनरचं काम समजायला सोपं आहे. तो हाडावर उजेडाचे पट्टे टाकतो. सपाट जागी पट्टा सरळ, उंचवट्यावर वाकडा. यंत्रातले कॅमेरे तो वाकडेपणा बघतात आणि त्यावरून पृष्ठभागाचे लाखो बिंदू मांडतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. एक्स-रे नाही, स्पर्श नाही. संगणकावर हाड हळूहळू उगवतं, धुक्यातून डोंगर दिसत जावा तसं.

पण आमचं उगवेना. अर्धी नळी आली की मध्येच भोकं पडायची. कारण पंधरा मिनिटांनी सापडलं. जुन्या मास्तरांनी हाडं टिकावीत म्हणून त्यांच्यावर चपडा लाखेचं वॉर्निश मारलं होतं. त्या काळी सगळीकडे मारत. त्याची चकाकी पट्टे उडवून लावत होती. कारखान्यात अशा वेळी वस्तूवर पांढरी पूड फवारतात. इथे सर दारात उभे. भाचीने पुडीचं नावही काढलं नाही.

मग फोटोंचा मार्ग. हाड फिरत्या चकतीवर, बाजूला मोजपट्टी, कॅमेरा तिवईवर. थोडं फिरवा, फोटो, थोडं फिरवा, फोटो. दर फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग यायला हवा, म्हणजे सॉफ्टवेअर तेच ते ठिपके ओळखून तिन्ही मिती जुळवतं. पण फोटोतही चकाकी आलीच. एलईडीचा प्रकाश हाडावर पांढरा डाग होऊन बसायचा.

तेव्हा सर म्हणाले, "त्या खिडकीकडे न्या. माझी आई तिथे बसून सुईत दोरा घाली. उजेड डोळ्यांक लागत नाही."

जुन्या गोमंतकीय घरांतली ती खिडकी. लाकडी चौकटीत काचेच्या जागी घासून चौकोनी केलेले शिंपल्यांचे पातळ तुकडे, दुधासारखे. बाहेर टळटळीत ऊन आणि आत ऊन विरघळून आलेला सपाट, मऊ प्रकाश. सावली नाही, चकाकी नाही. स्टुडिओत हजारो रुपयांचे पडदे लावून जो उजेड करतात तो इथे शिंपल्यांनी आधीच करून ठेवलेला. टेबल ओढून तिथे नेलं. दुपारी तीनपर्यंत सात हाडं झाली. चकती फिरवायचं खातं माझं, आणि प्रत्येक हाड चकतीवर ठेवताना मी नकळत त्याची पोझिशन नीट करत होतो. सवय.

गव्याची एक कवटीही होती, अस्सल. शिंगांच्या मध्ये कपाळाचा तो उंच, फुगीर कणा बघितला की शंका राहत नाही, बैलाला तसला कणा नसतो. ही कवटी सीटीला न्यायची माझी फार इच्छा होती. भाचीने हात जोडले. गवा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला. त्याचं शिंग-हाड वन खात्याच्या परवानगीशिवाय उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. शेजारच्या मगरीच्या कवटीचंही तेच. म्हणून त्या कवट्यांना इथेच, खिडकीपाशी, एकशे साठ-साठ फोटो. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा मोठा फायदा हाच. हाड जागेवर राहतं, कायदा जागेवर राहतो आणि आकार पुण्याला जातो. अमेरिकेत २०१७ ते २०२३ या काळात अठरा संस्थांनी मिळून संग्रहालयांतल्या तेरा हजारांवर पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचं सीटी करून ते जगाला खुलं केलं. त्यातला बेडूक बघायला आता फ्लोरिडाला जावं लागत नाही.

मग बिझोंतची चिठ्ठी बांधलेली नळी बाहेर कशी काढायची? हा प्रश्न मी विचारला आणि खोलीत शांतता पसरली. चिठ्ठीवर विश्वास ठेवला तर ती गव्याची, म्हणजे हलवता येणार नाही. विश्वास ठेवला नाही तर ती बैलाची, म्हणजे खुशाल न्या. पण कुठली ते कळायला ती न्यायची!

भाचीने व्हर्नियर काढला. १९७६ पासून हाडं कुठून कुठे मोजायची याची एक ठरलेली पद्धत जगभर चालते, त्याप्रमाणे मापं घेतली. लांबी एकोणीस सेंटिमीटरच्या थोडी वर. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो, त्याच्या पायाला ही नळी फारच तोकडी. मग लहान गवा? तर टोकं पक्की जुळलेली होती. वासराच्या नळीचं खालचं टोक कूर्चेने वेगळं असतं, ते दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मुख्य हाडाला जुळतं. म्हणजे हे जनावर वाढून पूर्ण झालेलं, आणि तरी लहान. सरांनी तिच्या वहीतलं सगळं दोनदा वाचलं, संस्थेच्या चिटणीसांना फोन लावला, लेखी पत्र तयार केलं आणि शेवटी म्हणाले, "मास्तर चुकले म्हणायचे. आम्हांक शाळेत छडी मारी."

नळी, बोटांची चार हाडं आणि बोय लिहिलेली एक बैलाची कवटी, एवढं फोमच्या पेटीत बंद झालं.

तिसरा दिवस : नंबर साडेदहाचा

सीटी सेंटर माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीचं. अट एकच, शेवटचा पेशंट गेल्यावर. म्हणजे दिवसभर मोकळे. रिबंदरचा लांबच लांब बांध गाडीने पार करून जुन्या गोव्याला जाऊन आलो. १६३४ च्या आसपास बांधलेला हा रस्ता अजून वाहनं झेलतो, आमच्या तालुक्यातले रस्ते पावसाळा झेलत नाहीत, यावर माझं आणि भाचीचं एकमत झालं. दुपारी शीत, हुमण, तळलेले मांदेली. झोप.

संध्याकाळी ती मँचेस्टरच्या गोष्टी सांगत होती. तिथे इजिप्तच्या आठशेवर प्राण्यांच्या ममी स्कॅन केल्या. मांजर, ससाणा, मगर. गुंडाळी न सोडता आत बघितलं तर सुमारे एक तृतीयांश गाठोड्यांत प्राणीच नाही. चिखल, काटक्या, पिसं.

"फसवलं लोकांना," मी म्हटलं.

"असंच काही नाही. मागणी जास्त, मांजरं कमी. श्रद्धेला चाललं असेल."

सत्यनारायणाला सोन्याच्या जागी अक्षता चालतात, हे आठवून मी गप्प बसलो.

साडेदहाला पोहोचलो. पेटी उघडणार इतक्यात स्कूटरवरून पडलेला एक मुलगा आला, डोक्याला मार. बैल बाहेर बाकावर बसला. मुलाचा स्कॅन झाला, सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता, आणि आमचा नंबर लागला तेव्हा बारा वाजत आले होते. फॉर्मवर पेशंटचं नाव, वय, लिंग भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही. सहकाऱ्याने नावाच्या जागी 'बैल' लिहिलं, वयाला ९९ टाकलं. लिंगापाशी थांबून भाचीकडे बघितलं.

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली.

नळी फोमवर आडवी ठेवली, लेझरच्या लाल रेषा जुळवल्या, १२० केव्ही, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे काप. टेबल आत सरकलं आणि यंत्रातल्या ध्वनिमुद्रित बाईने हिंदीत गंभीरपणे सांगितलं, "साँस रोकिए." आवाज बंद करायला कुणालाच सुचलं नव्हतं. बैलाने इतका चांगला श्वास रोखला की तसा पेशंट मला एकतीस वर्षांत मिळाला नाही.

इथे एक शंका येते, मलाही आली होती. एक्स-रेने हाडातल्या डीएनएचं नुकसान होत नाही का? उद्या कुणाला तो काढायचा असला तर? याचा अभ्यास २०१६ मध्ये झालाय. दोनशे ग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) कमी मात्रेत जुन्या हाडांतल्या डीएनएवर मोजता येण्यासारखा परिणाम दिसला नाही. रुग्णालयातल्या सीटीची मात्रा मिलिग्रेत मोजतात, म्हणजे त्या मर्यादेच्या हजारो पट खाली. सूक्ष्म सीटीची यंत्रं वेगळी, तिथे काप काही हजारांश मिलिमीटरचे असतात आणि स्कॅन तास-तास चालतात, तिथे हिशेब ठेवावाच लागतो.

पडद्यावर पहिला काप आला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

माणसाच्या हाडात मज्जा असते, चरबी असते, सगळं करड्या रंगात बुडालेलं दिसतं. वाळलेल्या हाडात आत नुसती हवा. त्यामुळे पोकळी काळीकुट्ट आणि कवच लखलखीत पांढरं. आणि त्या काळ्या पोकळीच्या मधोमध वरून खालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ. मला वाटलं, यंत्राचा दोष. भाची हसली. गाईबैलाच्या पायाची ही नळी मुळात दोन हाडांची. गर्भात ती शेजारी शेजारी असतात, मग एकमेकांना चिकटून एक होतात. बाहेरून फक्त एक उथळ खाच राहते, आत मात्र दोघांमधली भिंत शिल्लक असते. दोन भावांनी घर एक केलं तरी मधली भिंत पाडली नाही, तसं. मी इतकी वर्षं हाडं बघतोय, असं घर कधी बघितलं नव्हतं.

खाली सरकत गेलो. नळीच्या खालच्या टोकाला दोन चाकं असतात, रहाटाच्या कप्प्यांसारखी, खुराची दोन बोटं त्यांवर फिरतात. यातलं आतल्या बाजूचं चाक पसरट झालेलं. त्याच्यापाशी हाडाचं कवच बाहेरच्या बाजूपेक्षा जाड. बोटांच्या हाडांच्या काठांना बाहेर आलेले ओठ. हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या भागात चाळीस-चाळीस पावसाळे चिखलात वाकून भात लावलेल्या बायकांचे गुडघे मी असेच बघितलेत, सांध्याच्या काठाला हाडाच्या चोची आलेल्या.

"हा बैल कामाचा होता," मी म्हटलं.

भाचीने मान हलवली, पण तिची मान कधीच पूर्ण हलत नाही. १९९७ मध्ये युरोपातल्या तीन अभ्यासकांनी रुमानियातल्या औताच्या बैलांचे पाय घेऊन हेच बदल टप्प्याटप्प्याने मांडले. चाक पसरणं, बोटांच्या हाडांना काठ येणं, आणि मागच्यापेक्षा पुढच्या पायाला जास्त. जू मानेवर, म्हणून भार पुढे. पण म्हाताऱ्या, वजनदार जनावरालाही यातलं थोडं थोडं होतं. एका पायावरून खात्री देता येत नाही. आणि हाडाच्या आतली जाळी कुठल्या दिशेने विणली गेलीय हे बघायचं तर तिच्या काड्या मिलिमीटरहून कितीतरी बारीक, आमच्या कापात त्या पुसट होतात. त्यासाठी सूक्ष्म सीटी हवं.

मला विचाराल तर तो नांगराचाच बैल. लहान चणीचा, सडपातळ, जाडीच्या मानाने लांब नळीचा, म्हणजे खच्ची केलेला. गोव्याच्या खाजनांत, खाडीकाठच्या शेतांत, गुडघाभर चिखलातून औत ओढलेला. त्याच्या पायाला कुणीतरी गव्याची चिठ्ठी बांधली आणि तो मेल्यावर इतकी वर्षं रानटी म्हणून मिरवला. पण माझ्या म्हणण्याला प्रबंधात जागा नाही, तिच्या 'शक्यता अधिक' ला आहे.

एक वाजता कवटी ठेवली. ती झाली आणि सहकारी ओरडला, "हे काय आहे?" नाकाच्या पोकळीतून वर, कपाळाच्या हाडातल्या कप्प्यांत, एकाला एक चिकटलेल्या पाच गोल खोल्या. भिंती मातीच्या, दाणेदार. दोन खोल्यांना बाहेर पडायचं गोल भोक, तीन बंद. क्षणभर तिघांनाही काही सुचेना. मग माझ्या डोळ्यांपुढे आमच्या माजघरातली खुंटी आली.

कुंभारीण! कुंभारमाशीने कवटीच्या आत घर बांधलेलं. कपाटाचं दार कधीतरी उघडं राहिलं असणार. बाहेरून बोरू घालून बघितलं असतं तरी दिसलं नसतं. बंद खोल्यांतल्या एकीत बारीक काहीतरी मुडपलेलं दिसत होतं, कोळी असावा. ती माशी कोळ्यांना डंखाने लुळं करून पिल्लांसाठी भरून ठेवते. मी मोठं करून बघितलं, पाय मोजायचा प्रयत्न केला. अर्ध्या मिलिमीटरच्या कापात कोळ्याचे पाय मोजता येत नाहीत, लिहून ठेवतो.

परत आलो तेव्हा मळ्यातली कुत्रीही झोपली होती.

चौथा दिवस : उसगाळीमळ

सकाळी हाडं परत केली. सरांनी एकेक उलटूनपालटून बघितलं, पेटीतला फोमसुद्धा चाचपला. लॅपटॉपवर कुंभारणीचं घर दाखवलं तर खुर्चीतून उठले आणि कवटी उजेडात धरून नाकपुडीतून आत बघू लागले. काही दिसलं नाही. "तसेंच राहू दे," म्हणाले. बिझोंतची चिठ्ठीही काढली नाही. तिच्याच दोऱ्यात दुसरी बांधली, मराठीत : 'बैल. बहुधा जोताचा.' बहुधा भाचीने घालायला लावलं.

मग मडगाव, केपें करत रिवणच्या दिशेने. उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट सड्यात कोरलेली चित्रं आहेत. अभ्यासकांना ती १९९३ मध्ये कळली. बैल, हरणं, मोर, मनुष्याकृती आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं वर्तुळ. पावसाने धुतलेला सडा, खाचांत अजून थोडं पाणी, त्यामुळे रेषा काळ्या उठून दिसत होत्या. भाची बैलांपाशी गुडघे टेकून बसली आणि पुन्हा फोटो, थोडं सरकून फोटो. दगडाला चकती लावता येत नाही, म्हणून इथे तीच बैलाभोवती फिरली. उतरत्या उन्हात तिरपा उजेड आला तसे दुपारी न दिसलेले ओरखडे वर आले.

मध्य भारतातल्या गुहांत काही जनावरं आतल्या अवयवांसकट, पोटातल्या पिल्लासकट रंगवली आहेत, असं तिने सांगितलं. अभ्यासक त्याला एक्स-रे शैलीच म्हणतात. मला बरं वाटलं. आमचा धंदा समजतो तेवढा नवा नाही.

एक म्हातारे गुराखी काठी टेकून आमचा खेळ बघत होते. त्यांना मी कालची नळी मोबाइलवर दाखवली, चाक पसरलेलं टोक मोठं करून. बोटाने आतली बाजू दाखवत म्हणाले, "हो भितरल्या वटेन चलपी." मग समजावून सांगितलं. नांगराला जोडीतला एक बैल चरीत चालतो, एक वर. चरीतल्याचा पाय वाकडा पडतो. भाचीने वही काढली, हे कुठेही वाचलं नव्हतं म्हणाली. किती वर्षं औत धरलं विचारलं तर हसले. आता त्यांच्या गावात पॉवर टिलर आहे.

पाचवा दिवस : परतीला

सांगण्यासारखं फारसं नाही. म्हापशाच्या बाजारातून मिरच्या आणि माडाचा गूळ घेतला. सीमेवरच्या नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली, गोव्याहून येणाऱ्या गाडीत काय शोधतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवालदाराने मागची पेटी उघडली. फोम, फोममध्ये खळगे, खळग्यांत काही नाही. त्याचा संशय वाढला.

"यात बाटल्या होत्या?"

"हाडं होती. परत दिली."

भाचीने लॅपटॉप उघडून बैलाची कवटी फिरवून दाखवली, मग आरपार केली, मग त्या पाच खोल्या. हवालदार खिडकीतून अर्धा आत आला. मागच्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली, तरी त्याचं बोट पडद्यावर तिसऱ्या खोलीपाशीच.

"यात कोळी आहे ना हो?"